खिजगणतीत नसलेली हवा

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत देशातली १३१ शहरं आहेत. त्यातली १९ महाराष्ट्रातली, आणि विदर्भातली चार: नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला. विदर्भाचे जिल्हे अकरा. उरलेल्या सात जिल्ह्यांतलं एकही शहर या यादीत नाही. वणीच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येईल. पण यादी कशी झाली ते पाहिलं की हसू मावळतं. ज्या शहरांत हवा वर्षानुवर्षं मोजली गेली आणि सलग पाच वर्षं मर्यादेबाहेर निघाली, ती शहरं यादीत आली. म्हणजे नापास व्हायचं तरी आधी परीक्षेला बसावं लागतं. ज्या गावात मोजणीचं यंत्रच नाही, ते नापास होऊ शकत नाही. आणि जे नापास नाही, त्याला सुधारण्यासाठी एक रुपयाही मिळत नाही.

मी मेहकरचा. शार्ङ्गधर बालाजीचं, पैनगंगेच्या काठचं, जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरचं मेहकर. रोज संध्याकाळी देशभरातल्या शहरांचा हवा निर्देशांक जाहीर होतो, त्यात आमचं नाव नसतं. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये मेहकर टाकलं तर एक आकडा येतो. तो कुठल्या तरी मॉडेलने काढलेला अंदाज असतो. गंमत म्हणजे हवा प्रदूषणाच्या १९८१च्या कायद्याखाली सरकारने अख्खं महाराष्ट्र राज्य ‘हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं आहे. अख्खं राज्य, म्हणजे मेहकरही आलं, जानेफळही आलं, डोणगावही आलं. कायद्याच्या दृष्टीने आमची हवा नियंत्रणाखाली आहे. नियंत्रण कशाचं, हे मात्र कुणी मोजलेलं नाही.

या लेखात माझं म्हणणं एकच आहे. औद्योगिक प्रदूषणाची आपली सगळी व्यवस्था ‘मोजणी कुठे होते, कोण करतं आणि तिचे पैसे कोण देतं’ या तीन प्रश्नांवर उभी आहे, आणि तिन्ही ठिकाणी ती मुद्दाम अधू ठेवलेली आहे. मुद्दाम हा शब्द मी विचार करून वापरतोय. एखादी गोष्ट चाळीस वर्षं चुकीची राहते तेव्हा तिचा कुणाला तरी फायदा होत असतो.

मेहकरात कुठे आलेत कारखाने, असं कुणी विचारेल. चंद्रपूरसारखे नाहीत, कबूल. आमच्याकडे आहेत खडी क्रशर, डांबर मिक्सिंगचे प्लांट, जिनिंग, डाळ मिल, वीटभट्ट्या, आणि पऱ्हाट्या-तुराट्यांवर चालणारे छोटे बॉयलर. एकेकटं पाहिलं तर किरकोळ. समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा हे किरकोळपण संपलं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि सगळ्यांनी त्याचे फोटो पाहिले. पण महामार्ग आकाशातून पडत नाही. त्याच्या खालचा दगड कुठून तरी फोडावा लागतो, भरडावा लागतो, मुरूम उपसावा लागतो, डांबर तापवावं लागतं. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून रस्ता गेला, तेव्हा हे सगळं आमच्या बांधाला लागून झालं. तुरीला फुलोरा आला होता आणि पानांवर पांढरट थर होता, हे मी पाहिलंय. कपाशीच्या बोंडातल्या कापसाला राखी रंग चढला की व्यापारी भाव पाडतो, हेही पाहिलंय. शेजारच्या शेतकऱ्याला मी म्हटलं, तक्रार करा. तो म्हणाला, “धूळ तं धूळच हाये भाऊ, तिले काय मोजता?”

त्याचं हे वाक्य आपल्या पर्यावरण धोरणाचं सार आहे. फक्त तो ते हताशपणे म्हणतो आणि धोरण ते निर्धास्तपणे म्हणतं.

धूळ मोजता येते, आणि कायद्यात तिचा आकडाही आहे. खडी क्रशरच्या मानकानुसार, क्रशरमुळे हवेत पडणारी तरंगत्या कणांची भर क्रशरपासून ४० मीटरवर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. २००९च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे आपण श्वास घेतो त्या हवेत दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा आहे १००. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून म्हणते ४५. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण क्रशरच्या मानकात जाडी धूळही धरलेली असते. हे सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणी तरी तेवढ्यावरून सगळा लेख निकालात काढेल. तरीही प्रश्न उरतोच. ४० मीटर म्हणजे किती? आमच्याकडे क्रशरच्या पत्र्यापासून शेजारचा बांध कित्येकदा त्याहून जवळ असतो. त्या बांधावर निंदायला बसलेल्या बाईसाठी कायद्यात आकडाच नाही.

आणखी एक प्रामाणिक गोष्ट. आमचा दगड काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. वाळूच्या दगडात किंवा गारगोटीत जेवढी मुक्त सिलिका असते तेवढी यात नसते, त्यामुळे सिलिकोसिसचं जे भयानक चित्र राजस्थानातल्या खाणींत दिसतं ते इथे जसंच्या तसं लागू होत नाही. क्रशरवाल्यांचा हा आवडता युक्तिवाद आहे आणि तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा असा, की फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण कुठल्या दगडाचा आहे हे विचारून छाती भरत नाही.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. भरडण्याच्या आणि चाळण्याच्या जागा पत्र्याने बंदिस्त करा, जिथे दगड पडतो तिथे पाण्याचे फवारे लावा, वारा अडवणारी भिंत बांधा, आवारातला रस्ता पक्का करा, ओला ठेवा, कडेने झाडं लावा. मानकातच हे लिहिलेलं आहे, आणि केंद्रीय मंडळाने २०२३मध्ये क्रशरसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना पुन्हा काढल्या. तरी फवारे कोरडे का असतात? कारण सोपं आहे. पाणी मारलं की भुकटी ओली होते, चाळणीला चिकटते, माल कमी निघतो. उन्हाळ्यात आमच्या भागात पाणी विकतचं, टँकरचं. म्हणजे फवारा चालू ठेवणारा प्रामाणिक मालक शेजारच्या कोरड्या क्रशरपेक्षा महाग खडी विकतो आणि टेंडर हरतो. तपासणी नसली की प्रामाणिकपणावर बसणारा हा दंडच असतो.

मग तपासणी कशी होते? कारखान्याला मंडळाकडून संमतीपत्र घ्यावं लागतं; आधी उभारणीचं, मग चालवण्याचं. त्यात अटी असतात, धुराची मर्यादा असते, आणि ठरावीक काळाने मोजणी करून अहवाल द्या असंही असतं. मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने करायची. प्रयोगशाळा निवडतो कारखानदार, पैसे देतो कारखानदार, तारीख ठरवतो कारखानदार. वर त्याने दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं, तेही स्वतःच. आपल्या घरातल्या मुलाने स्वतःचा पेपर स्वतः तपासून आणला तर आपण त्याला दोन प्रश्न विचारतो. इथे शिक्का मारतो.

चिमणीतला धूर मोजणं हे कष्टाचं काम आहे, ते करणाऱ्या पोरांबद्दल माझ्या मनात राग नाही. धुराड्याला ठरावीक उंचीवर भोक ठेवलेलं असावं लागतं, तिथे उभं राहायला फळी असावी लागते. माणूस वर चढतो, नळी आत घालतो. आतला वायू ज्या वेगाने वर जातोय त्याच वेगाने पंपाने तो ओढावा लागतो. वेग जुळला नाही तर कणांचा हिशेब चुकतो. वायू एका छोट्या टोपीसारख्या गाळणीतून जातो, ती गाळणी आधी आणि नंतर तोलतात, आणि फरकावरून घनमीटरला किती मिलिग्रॅम ते निघतं. तासाभराचं काम. त्या तासाभरात बॉयलर मंद चालवला, चांगलं इंधन टाकलं, बॅगफिल्टर नेमका त्याच दिवशी सुरू केला, की वर्षभराचा आकडा तयार.

हा माझा संशय नाही, याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो शेजारच्या गुजरातेत झालाय. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६पासून कारखान्यांचं त्रयस्थ पर्यावरण ऑडिट होतं. ऑडिटर त्रयस्थ, पण निवडणार आणि पैसे देणार कारखाना. एस्थर डफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात मंडळाच्या मदतीने या पद्धतीची परीक्षा घेतली. धुरातल्या कणांची मर्यादा होती घनमीटरला १५० मिलिग्रॅम, आणि नेहमीच्या ऑडिटरांचे आकडे या मर्यादेच्या अगदी खाली दाटीवाटीने बसलेले होते, जणू सगळ्या गुजरातेतल्या चिमण्यांनी ठरवून १४० सोडायचं म्हटलं होतं. या ऑडिटरांनी जेमतेम ७ टक्के कारखाने मर्यादेबाहेर दाखवले. स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा ५९ टक्के बाहेर होते. मग काही कारखान्यांसाठी नियम बदलले. ऑडिटर चिठ्ठीने ठरवायचा, पैसे एका सामाईक निधीतून ठरावीक द्यायचे, आणि अधूनमधून त्याचं काम दुसऱ्याने जाऊन तपासायचं. ऑडिटर खरं बोलायला लागले. आणि ऑडिटर खरं बोलायला लागल्यावर कारखान्यांनी धूर कमी केला. नवं तंत्रज्ञान नाही, नवा कायदा नाही, फक्त पाकीट देणारा हात बदलला. हा शोधनिबंध २०१३ सालचा आहे. डफ्लो यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे अग्रलेख आले. पाकिटाची ही गोष्ट अग्रलेखांतून निघून आमच्या संमतीपत्रांच्या अटींपर्यंत काही पोचली नाही.

कारखानदाराने मोजलेलं चालतं, तर मग गावकऱ्याने मोजलेलं? आज काही हजारांत बारीक कण मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ते शाळेच्या गच्चीवर लावता येतं. पण त्याचा आकडा घेऊन कुठे जाल? कायद्याचं कलम २६ सांगतं, की चिमणीतला नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, मालकासमोर, सीलबंद करून, ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवला असेल तरच तो पुरावा. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे संरक्षण आहे आणि असावंही. पण गावकऱ्याच्या बाजूने तसं एकही कलम नाही. उपग्रह आज मेहकरवरच्या धुरकटपणाचा अंदाज रोज काढतात. तो अंदाज शोधनिबंधात चालतो, खटल्यात नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने येऊन नमुना घ्यायचा, त्याचं उपप्रादेशिक कार्यालय अकोल्यात आहे, अकोला, बुलडाणा आणि वाशीम अशा तीन जिल्ह्यांसाठी. देशभरातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळांमधली निम्म्याच्या जवळपास पदं रिकामी आहेत, हे खुद्द केंद्रीय मंडळाने हरित लवादाला सांगितलेलं आहे. तेव्हा मेहकरच्या बांधावर कुणी का येत नाही, याचं उत्तर एखाद्या अधिकाऱ्याच्या आळसात शोधू नये.

मनात आणलं तर मोजमाप किती झटकन होतं, हे आम्ही वीस-पंचवीस किलोमीटरवर पाहिलंय. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने गेले, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं की खारटपणा वाढल्याने मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. उत्तम झालं. पण पाण्याला रंग आला म्हणून ते मोजलं गेलं. आमच्या हवेने गुलाबी व्हायचं मनावर घेतलं तरच तिचा नंबर लागेल बहुतेक.

यादीतल्या शहरांचं तरी भलं झालं का? २०१९मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा २०२४पर्यंत हवेतले कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करू म्हणाले, मग तो आकडा ४० टक्के केला आणि मुदत २०२६पर्यंत नेली. पैसा कुठे गेला याचा हिशेब दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४मध्ये मांडला. ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर. उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे! धुळीवरच्या खर्चात पाणी शिंपडणारे ट्रक, रस्ता झाडणारी यंत्रं, धुकं उडवणाऱ्या तोफा. कारण कार्यक्रमाचं यश मोजतात दहा मायक्रॉनपर्यंतच्या जाड कणांवर, आणि ते पाणी मारल्याने दोन तास तरी खाली बसतात. चिमणीतून येणारा बारीक कण तोफेला दाद देत नाही, पण निकालपत्रकात त्याला मार्क नाहीत. आमच्या शेजारचं जालना या यादीत आहे. जालन्यात भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या आहेत, हे राज्यात सगळ्यांना माहीत आहे; जालन्याच्या हवेचा प्रश्न रस्ता झाडून सुटेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा औद्योगिक वसाहतीच्या बाजूने रात्रीचं जावं.

चुकीची गोष्ट मोजून बरोबर उत्तर काढायची कला सगळ्यात वरच्या पातळीवर कशी चालते, त्याचं उदाहरण औष्णिक वीज केंद्रांचं. शेगावला जाताना रेल्वेतून पारसच्या चिमण्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. २५० मेगावॅटचे दोन संच. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने अशा सगळ्या केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. आणि जुलै २०२५मध्ये नवी अधिसूचना आली: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांनी यंत्रणा बसवावी, नापास शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्यांचं प्रकरणागणिक बघू, बाकीच्यांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळला की या मर्यादेतून सूट. देशातली बहुतेक केंद्रं या ‘बाकीच्यां’मध्ये मोडतात. अकोला शहर पारसपासून दहा किलोमीटरच्या बरंच पलीकडे आहे, एवढंच सांगतो.

समर्थन काय, तर आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. मर्यादेत असेल. पण हा वायू हवेत वायू म्हणून थोडाच काळ राहतो. त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे वायू मोजलात तर सापडणार नाही, कण मोजलेत तर तो कुणाचा हे लिहिलेलं नसणार. चोर घरातून निघून गेल्यावर घराची झडती घ्यायची आणि चोर सापडला नाही म्हणून चोरी झाली नाही म्हणायचं. शिवाय दहा किलोमीटरचं वर्तुळ शहराभोवती काढायचं ठरवलं की खेड्यातली फुप्फुसं आपोआप दुय्यम होतात. हे वर्तुळ कंपासने काढलेलं आहे, पण ते राजकीय आहे.

आता माझ्या गावातूनच येणारे आक्षेप. पहिला: आधी घरातली चूल बघा. बरोबर आहे. २०१९ या वर्षासाठी लॅन्सेटच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातले १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले होते आणि त्यातले सहा लाखांवर घरातल्या धुरामुळे. सिलिंडर महाग झाला की आमच्याकडे पुन्हा पऱ्हाट्या पेटतात. पण ज्या बाईच्या छातीत पहाटे चुलीचा धूर जातो तीच दिवसभर क्रशरशेजारच्या शेतात असते. एका धुराने दुसरा माफ होत नाही, दोन्हींची बेरीज होते.

दुसरा आक्षेप जास्त कडवट असतो. “कारखाने येऊ द्या आधी, मग धूर मोजा.” बुलडाणा जिल्ह्यातली पोरं पुण्याला चाकणला, रांजणगावला कंत्राटी कामाला जातात, त्यांच्या आईबापांसमोर मी पर्यावरणाचं प्रवचन देणार नाही. मलाही इथे उद्योग हवे आहेत. समृद्धीच्या आराखड्यात इंटरचेंजांभोवती नवनगरं वसवून शेतीमालावर प्रक्रिया करणारे उद्योग आणायचं ठरलं होतं. मेहकरला इंटरचेंज आहे, उद्या ती चिमणी येईल, यावी. पण म्हणूनच आजची हवा आज मोजून ठेवायला हवी. मोठा प्रकल्प आला तर पर्यावरण आघात अहवालात मूळ हवेची नोंद करावी लागते. ती करणारा सल्लागारही प्रकल्पवाल्याने नेमलेला असतो आणि पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी पुरते. छोट्या उद्योगांना तर तेवढंही नाही. दहा वर्षांनी गावात खोकल्याची साथ कायमची मुक्कामाला आली आणि आपण कारखान्याकडे बोट दाखवलं, तर तो विचारेल, आधी किती होतं? आपल्याकडे उत्तर नसेल. सातबारा न पाहता जमीन घेणारा माणूस आमच्याकडे वेडा समजला जातो. हवेच्या बाबतीत आम्ही सगळेच ते करतोय.

शिक्षेबद्दल मात्र मी माझ्या काही मित्रांशी सहमत नाही. २०२३च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला, तेव्हा फार आरडाओरडा झाला. पूर्वी दीड ते सहा वर्षांची कैद कायद्यात होती. कितीजण गेले? कागदावरच्या तुरुंगापेक्षा खरोखर वसूल होणारा दंड मी पसंत करीन. माझी अडचण वेगळी आहे. पंधरा लाख हा आकडा खडी क्रशरला जड आहे आणि वीज केंद्राला चहापाण्याचा आहे. आणि दंड लावायलाही आधी मोजणीच लागते.

महाराष्ट्राला हे कळत नाही असं नाही. जून २०१७मध्ये आपल्या मंडळाने, शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांसोबत, मोठ्या धुराड्यांच्या कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायची योजना सुरू केली; मोजलेला धूर सर्वांना दिसेल, कमी धूर त्याला जास्त तारे. देशातला तो पहिला प्रयोग. हॉटेलाचे तारे आपण बघतो, चिमणीचे तारे कुणी बघितलेत, हे स्वतःला विचारा. ती माहिती संकेतस्थळावर ठेवून भागत नाही. ती कारखान्याच्या फाटकावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत लावावी लागते, रेशनच्या भावासारखी. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की उत्सर्जनाचे आकडे लोकांसमोर खुले असावेत.

सुरतेत याच्या पुढची पायरी झाली. तिथे २०१९पासून सुमारे तीनशे कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवून, सगळ्यांच्या मिळून धुराला कमाल मर्यादा घालून, आतल्या आत परवाने विकायची मुभा दिली. धूर २० ते ३० टक्क्यांनी घटला. मला या बाजाराबद्दल एक शंका आहे, आणि ती खेड्यातल्या माणसालाच सुचेल. शहरात तीनशे चिमण्या एकमेकींना सावरून घेतात. आमच्या तालुक्यातली एकच चिमणी परवाने विकत घेऊन धूर ओकत राहिली, तर राज्याची बेरीज बरोबर येईल आणि मेहकरचा खोकला तसाच राहील. पण या प्रयोगात खरं काम बाजाराने केलं की सतत चालणाऱ्या यंत्राने? माझं मत यंत्राच्या बाजूने आहे.

तर मागणी काय, ती सरळ सांगतो. प्रत्येक तालुक्याला कोटीच्या घरातलं स्वयंचलित केंद्र मी मागत नाही. राष्ट्रीय पद्धतीत हाताने चालवायची केंद्रंही मान्य आहेत: आठवड्यातून दोनदा, चोवीस तास, वर्षाला किमान १०४ दिवस. गाळणी तोलायला चांगला तराजू आणि दोन प्रशिक्षित माणसं लागतात. शहरांत अशी मोजणी कॉलेजांकडून करून घेतली जाते. आमच्या जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांना तराजू माहीत नाही असं नाही. क्रशरच्या वाऱ्याच्या बाजूला आणि उलट बाजूला मोजणी, तीही हंगामात. मोजणीचे पैसे कारखानदारानेच द्यावेत, पण मंडळाच्या सामाईक निधीत, आणि प्रयोगशाळा चिठ्ठीने निघावी. खडी घेणाऱ्या सरकारी खात्यांनी टेंडरमध्ये एक अट घालावी, की ज्या क्रशरचा असा अहवाल नाही त्याची खडी चालणार नाही. या शेवटच्या अटीसाठी कायदा बदलायची गरज नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात लवकर काम करील, कारण आमच्याकडचं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. फवारा चालवणारा मालक टेंडर हरणार नाही.

ही अट घालायला सगळ्यात जास्त विरोध कुठून होईल हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही सांगता येईल. क्रशर, डंपर, रस्त्यांची कंत्राटं आणि पुढारपण ही आमच्याकडे चार वेगवेगळी घरं नाहीत. सगळ्याच पक्षांत असं आहे, म्हणून नाव घेत नाही.

तोवर गावकऱ्याच्या हातात हवा कायद्याचं कलम ४३ आहे. साठ दिवसांची नोटीस मंडळाला देऊन कुणीही नागरिक स्वतः तक्रार दाखल करू शकतो, आणि तशी तक्रार केली की मागितल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. नोटीस साध्या कागदावर लिहिता येते, मराठीत लिहिता येते. आमच्या तालुक्यातल्या क्रशरांची संमतीपत्रं, त्यातल्या अटी आणि गेल्या तीन वर्षांचे मोजणीचे अहवाल मागणारा अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहे. त्याला जोडायला जमिनीचा नकाशा हवाय, क्रशरपासून जवळचा बांध, विहीर, शाळा आणि पहिलं घर किती मीटरवर आहे ते दाखवणारा. त्यासाठी मोजणीखात्याची वाट बघत नाही. शेजाऱ्याकडे शेततळ्याच्या कामाची पन्नास मीटरची टेप आहे, ती येत्या रविवारी घेऊन येतो म्हणालाय.